विंडोज बॅकअप वॉलपेपर आणतं, टॅली मागेच राहते

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरी, दुकानोदुकानी जुनं मशीन बाजूला सारून नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे जुन्यावरच अपग्रेड करण्याचा मार्ग अनेकांना बंद आहे. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट जे फुकट साधन पुढे करते ते 'विंडोज बॅकअप'. विंडोज १० आणि ११, दोन्हींमध्ये ते आधीपासूनच असतं. स्टार्ट मेन्यूमध्ये नाव टाइप केलं की सापडतं.

मायक्रोसॉफ्ट खातं वापरणारा एकटा माणूस, थोड्या फाइली आणि बरंचसं काम ब्राउझरमध्ये, अशी परिस्थिती असेल तर हे साधन चांगलं आहे. लहान ऑफिस, सीए किंवा कर सल्लागाराची फर्म, डीटीपीचं दुकान, एकाच मशीनवर तिघांची खाती, असं असेल तर यावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. साधन बिघडलेलं आहे असं नाही. ते एका माणसाच्या खात्याच्या आवडीनिवडी हलवण्यासाठी बनवलंय, अख्खं मशीन हलवण्यासाठी नाही. अ‍ॅपच्या पडद्यावर मात्र हा फरक कुठेच ठळकपणे दिसत नाही. हिरवी टिकमार्क दिसली की माणूस निश्चिंत होतो.

काय येतं

जुन्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करायचं, अ‍ॅप उघडायचं, फोल्डर, अ‍ॅप, सेटिंग्ज आणि वाय-फायचे पासवर्ड हे पर्याय चालू ठेवायचे आणि बॅकअपचं बटण दाबायचं. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना तेच खातं दिलं की जुन्या मशीनचं नाव दाखवून 'यावरून रिस्टोअर करायचं का' असं विचारलं जातं. हो म्हटलं की वॉलपेपर, भाषा, टास्कबारवरचे आयकॉन, वाय-फायचे पासवर्ड येतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांतल्या फाइली वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यातून उतरतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप आयकॉनवर क्लिक केलं की बसतात. हा भाग खरंच गुळगुळीत चालतो.

टास्कबारवर जुन्या प्रोग्रामचे आयकॉन दिसले म्हणजे ते प्रोग्राम आले असं समजू नका. स्टोअरबाहेरून बसवलेल्या प्रोग्रामची तिथे फक्त खूण असते. क्लिक केल्यावर डाउनलोड कुठून करायचं तेवढं कळतं. सेटअप आणि लायसन्स तुमचं तुम्हीच बघायचं.

रिस्टोअरची ही संधी फक्त पहिल्या सेटअपच्या वेळी मिळते. घाईत 'नवीन मशीन म्हणून सेट करा' निवडलं, किंवा दुकानदाराने आपल्याच सोयीने लॅपटॉप चालू करून दिला, तर ती खिडकी गेली. मग पुन्हा ती हवी असेल तर अख्खं विंडोज रिसेट करावं लागतं. म्हणून बॅकअप आधी पूर्ण करा आणि दुकानदाराला सांगून ठेवा की सील न फोडता द्या. वनड्राइव्हमधल्या फाइली मात्र अशा अडकत नाहीत, त्या नंतर लॉगिन केल्यावरही येतात.

पाच जीबीचा प्रश्न

फुकट वनड्राइव्हमध्ये ५ जीबी जागा मिळते. आजच्या हिशेबात हे फोनवरच्या काही व्हिडिओंइतकं झालं. जास्त हवं तर १०० जीबीचा किंवा १ टीबीचा प्लॅन विकत घ्यायचा, आणि खरं सांगायचं तर अ‍ॅप तुम्हाला हळूहळू तिकडेच ढकलतं. दुसरी गोम अशी की आउटलुक डॉट कॉमच्या मेलला जोडलेल्या फाइलीही २०२३ पासून याच जागेत मोजल्या जातात. वनड्राइव्ह काठोकाठ भरलं तर त्या पत्त्यावर मेल येणं-जाणंही अडू शकतं. ग्राहकांशी त्याच मेलवर व्यवहार असेल तर फोल्डरचे पर्याय बंद ठेवून फक्त सेटिंग्जचा बॅकअप घ्या. सेटिंग्जना जागा नगण्य लागते.

फोल्डरचा पर्याय चालू केला की आणखी एक बदल गुपचूप होतो: डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पोटात सरकतात. म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता बदलतो. एक्सेलची एक शीट दुसऱ्या शीटमधून आकडे ओढत असेल, एखादा जुना बिलिंग प्रोग्राम ठरावीक पत्त्यावर डेटा शोधत असेल, तर तो तिथेच अडतो. पर्याय नंतर बंद केला तरी फाइली बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात आणि डेस्कटॉप ओस दिसतो. फाइली गेलेल्या नसतात, पण पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

मागे काय राहतं

पहिलं नाव टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचं. टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम आणि त्यात डेटा या फोल्डरमध्ये असतो. पब्लिक हे कोणा एकाचं फोल्डर नाही, म्हणून विंडोज बॅकअप त्याला हातही लावत नाही. डी ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइलींचंही तेच. आपल्याकडे महत्त्वाच्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवायची सवय आहे, त्यामुळे नेमका कामाचा डेटाच या साधनाच्या कक्षेबाहेर राहतो.

टॅली हलवताना डेटा फोल्डरमधली आकड्यांच्या नावांची सगळी फोल्डर उचला, प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. त्याशिवाय टॅलीमधूनच प्रत्येक कंपनीचा बॅकअप वेगळा घ्या. कॉपी करताना टॅली सगळ्या मशीनवर बंद असली पाहिजे, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल उचलली जाते आणि नव्या मशीनवर कंपनी उघडत नाही. लायसन्स आधी जुन्या मशीनवर सरेंडर करायचं: एफ१, मग सेटिंग्ज, मग लायसन्स. त्यानंतरच नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं. जुनं मशीन फॉरमॅट झाल्यावर हे आठवलं तर सपोर्टशी बोलत बसावं लागतं.

डिजिटल स्वाक्षरीबद्दल विनाकारण धास्ती असते. डीएससी ही यूएसबी टोकनमध्ये असते, संगणकात नाही. त्यामुळे हलवायचं असं काहीच नाही. नव्या मशीनवर त्या टोकनचा ड्रायव्हर बसवायचा, जीएसटी पोर्टलसाठी एमसाइनर आणि आयकर पोर्टलसाठी एमब्रिज हे सहीचे छोटे प्रोग्राम बसवायचे, संपलं. ड्रायव्हर टोकनच्या कंपनीप्रमाणे वेगळा असतो. टोकनवर मॉडेलचं नाव छापलेलं असतं ते वाचून त्याचाच घ्या. पासवर्ड मात्र पाठ असायला हवा, कारण ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं.

लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा घेतला असेल तर इथे थांबून विचार करा. साधे प्रोग्राम त्यावर अनुवादाच्या थरातून चालतात, पण ड्रायव्हर चालत नाहीत, ते एआरएम या स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या प्रोसेसरसाठीच बनवलेले लागतात. जुना लेझर प्रिंटर, डीएससी टोकन, बायोमेट्रिक यंत्र यांचे तसे ड्रायव्हर आहेत का, हे लॅपटॉप घेण्याआधी बघायचं. ऑफिसच्या कामाला आमचा सल्ला सरळ इंटेल किंवा एएमडीचा.

ब्राउझरच्या पासवर्डचा घोळ सर्वांत जास्त होतो. क्रोमचं प्रोफाइल फोल्डर जसंच्या तसं नव्या मशीनवर नेलं तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. क्रोम ते पासवर्ड विंडोजच्या त्या विशिष्ट खात्याच्या किल्लीने कुलूपबंद करतं, आणि ती किल्ली जुन्या विंडोजबरोबर राहते. मार्ग दोन. गुगल खात्यात सिंक चालू करा, किंवा पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्टची फाइल साध्या मजकुराची असते, कोणीही उघडून वाचू शकतं. नव्या मशीनवर इंपोर्ट झाल्यावर ती पेन ड्राइव्हवरूनही पुसा, रिसायकल बिनमधूनही. फायरफॉक्सचं उलटं आहे. त्याचं प्रोफाइल फोल्डर पूर्ण नेलं की पासवर्डसकट सगळं येतं, कारण किल्ली त्याच फोल्डरमध्ये असते. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामचंही तसंच.

आउटलुक वापरत असाल तर पीएसटी आणि ओएसटी यांतला फरक ओळखा. पीएसटीमध्ये मेल खरोखर साठवलेली असते. आउटलुक बंद करून ती कॉपी करायची आणि नव्या मशीनवर आउटलुकच्या फाइल मेन्यूतून उघडायची. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत, ती नेऊ नका. खातं जोडलं की नवी बनते. नव्या लॅपटॉपवर आधीपासून असलेलं 'नवं आउटलुक' पीएसटीच्या बाबतीत तोकडं आहे, जुनी मेल पीएसटीत असेल तर क्लासिक आउटलुकच बसवा.

फॉन्टचं दुखणं

मराठीत काम करणाऱ्याला इथे सगळ्यात जास्त ठेच लागते. विंडोज बॅकअप फॉन्ट आणत नाही. नव्या मशीनवर जुनं पत्र उघडलं की 'महाराष्ट्र शासन' ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. सुरेख, कृतिदेव, श्रीलिपीचे श्री-देव यांसारखे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच सांकेतिक पद्धतीच्या, आधीचे. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतात. फॉन्ट नसला की मूळ अक्षरं उघडी पडतात.

फॉन्ट दोन ठिकाणी असतात. एक सी ड्राइव्हवर विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. दुसरं ठिकाण लोकांना माहीत नसतं: विंडोज १० च्या २०१८ च्या आवृत्तीपासून डबल क्लिक करून बसवलेला फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसू शकतो, आणि मग तो त्याच्या अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमध्ये जातो. दोन्हीकडून घ्या. नव्या मशीनवर बसवताना राइट क्लिक करून 'सर्व वापरकर्त्यांसाठी बसवा' निवडा, म्हणजे दुसऱ्या खात्याने लॉगिन केल्यावर पुन्हा तीच खिचडी नको. फॉन्ट नेल्याने जुना मजकूर वाचता येईल. टाइप करण्यासाठी श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम रीतसर बसवावंच लागतं, आणि श्रीलिपीसारख्या विकतच्या पॅकेजची किल्ली किंवा डोंगल (लायसन्सचं यूएसबी यंत्र) जुन्या मशीनला लावलेला असेल तर तो काढून घ्यायला विसरू नका.

युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांनाही एक धक्का बसतो. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० पासून पूरक देवनागरी फॉन्टच्या वेगळ्या गठ्ठ्यात गेलेत. विंडोज इंग्रजीत सेट केलं तर ते नसतात आणि त्यांच्या जागी निर्मला दिसतो. अक्षरं वाचता येतात, पण रुंदी वेगळी असल्याने पानं सरकतात. चाळीस पानांचा अहवाल बेचाळीसचा होतो, अनुक्रमणिका चुकते. उपाय सोपा: सेटिंग्जमध्ये मराठी ही भाषा जोडा, किंवा ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्या. त्याच वेळी कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक किंवा इनस्क्रिप्ट जोडून टाका. गुगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल कोणत्याही अनोळखी साइटवरून उतरवू नका. गुगलने ते केव्हाच मागे घेतलंय.

खाती: एका मशीनवर तिघं

विंडोज बॅकअप प्रत्येक मायक्रोसॉफ्ट खात्यापुरतं चालतं. दुकानातल्या मशीनवर 'मालक', 'अकाउंट्स', 'ऑपरेटर' अशी साधी स्थानिक खाती असतील, तर त्यांचा बॅकअप होतच नाही. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये 'इझी ट्रान्सफर' नावाचं साधन होतं. ते केबलने किंवा नेटवर्कने एका मशीनवरची खाती फाइलींसकट दुसऱ्यावर नेत असे, तेही क्लाउडशिवाय. विंडोज १० मध्ये ते काढून टाकलं, आणि त्याच्या जागी तितकं भरवशाचं काही आलं नाही. आमच्या मते या उत्पादनावरची ही सर्वांत रास्त तक्रार.

मग खाती हाताने हलवायची. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नव्या मशीनवर खातं तयार करा. त्या खात्याने एकदा लॉगिन करा, डेस्कटॉप दिसेपर्यंत थांबा, लॉगआउट करा. मगच फाइली ओता. उतावीळपणे यूजर्समध्ये त्या नावाचं फोल्डर स्वतःच बनवून भरून ठेवलं, तर पहिल्या लॉगिनला विंडोज ते वापरत नाही. नावापुढे संगणकाचं नाव जोडून दुसरंच फोल्डर बनवतं, आणि फाइली अनाथ राहतात.

फोल्डरच्या नावाचाही विचार आधीच करा. सेटअपच्या वेळी थेट मायक्रोसॉफ्ट खातं दिलं की ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं फोल्डर तयार होतं आणि ते नंतर बदलणं म्हणजे नसती उठाठेव. जुन्या मशीनवरचंच नाव हवं असेल, म्हणजे एक्सेलच्या जोडण्या आणि शॉर्टकट तुटणार नाहीत, तर सेटअपनंतर त्या नावाचं स्थानिक खातं बनवा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्या, त्याने लॉगिन करा आणि हवं तर नंतर त्याला मायक्रोसॉफ्ट खातं जोडा. विंडोज प्रो असेल तर सेटअपमध्येच डोमेनचा पर्याय निवडून स्थानिक खातं बनवता येतं. अर्थात हा रस्ता धरला की विंडोज बॅकअपचं रिस्टोअर हुकतं. वॉलपेपर आणि वाय-फायच्या पासवर्डवर पाणी सोडून फोल्डरचं नाव जपणं, हा सौदा ऑफिससाठी फायद्याचा आहे.

ओतायचं काय? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओ आणि वर सांगितलेली फायरफॉक्स, थंडरबर्डसारखी निवडक फोल्डर. अख्खं अ‍ॅपडेटा उचलून नव्यावर टाकू नका. त्यात जुन्या मशीनच्या किल्ल्या, जुन्या आवृत्त्यांच्या सेटिंग्ज, कॅश असा ढीग असतो, आणि तो नव्या प्रोफाइलवर पडला की स्टार्ट मेन्यूपासून सगळं चळतं.

कॉपी कशी करायची

बाहेरची हार्ड डिस्क, यूएसबी ३ ची, निळ्या पोर्टला लावून. मोठ्या फाइली असतील तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे २०० जीबी पाऊण तासाच्या आत. यूएसबी २ च्या पोर्टला तेच काम पावणेदोन तासांच्या घरात जातं. हजारो छोट्या फाइली असतील तर वेळ कितीतरी पट वाढतो, मग आकडा बघून घाबरू नका. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि वाढत गेलेली पीएसटी नेमकी तिथेच अडते.

ड्रॅग करून कॉपी करण्यापेक्षा विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही टाइप करून चालवायची कमांड बरी. मध्ये तुटलं तर पुन्हा चालवल्यावर झालेलं सोडून पुढचं घेते. दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक्सजे (/XJ) हा स्विच द्या, नाहीतर प्रोफाइलमधल्या आभासी फोल्डरच्या चक्रात ती एकातून एक शिरत राहते. आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या (/R) व थांबण्याचे सेकंद (/W) दोन्ही १ ठेवा. तसं न सांगितलं तर अडलेल्या एका फाइलसाठी ती दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करायला तयार असते.

फाइलींवर ढगाचं चिन्ह दिसत असेल तर त्या मशीनवर नाहीतच, वनड्राइव्हमध्ये आहेत. आधी त्या 'या डिव्हाइसवर कायम ठेवा' करून उतरवा.

जुनं मशीन चालूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये लावायची. तेव्हा यूजर्समधलं फोल्डर उघडायला 'परवानगी नाही' येतं, कारण जुन्या खात्याचा अंतर्गत क्रमांक नव्या विंडोजला अनोळखी असतो. 'कंटिन्यू' दाबून थांबायचं, मालकी बदलायला वेळ लागतो. तिथून नव्या प्रोफाइलमध्ये फाइली कॉपी केल्या की त्यांना नव्या जागेचे हक्क मिळतात. पण त्या आधी नव्या सी ड्राइव्हवर कुठेतरी उतरवून मग 'कट' करून प्रोफाइलमध्ये हलवल्या, तर आधीच्या जागेचे हक्क त्यांच्याबरोबर जातात. म्हणून कॉपीच करा. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने, बंद असेल तर ४८ अंकी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर डिव्हाइसखाली सापडते, आणि कुठेच मिळाली नाही तर डेटा विसरा. नवे विंडोज ११ लॅपटॉपही बहुधा एन्क्रिप्शन चालू ठेवूनच येतात, त्यामुळे नव्याची किल्ली पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घ्या.

विकतचा पर्याय

प्रोग्रामसकट हलवायचं असेल तर लॅपलिंक कंपनीचं पीसीमूव्हर आहे. बसवलेले प्रोग्राम, खाती, फाइली, सगळं नेतं, आणि न पटल्यास नेलेलं उलटवायची सोय देतं. पण साध्या आवृत्तीचं लायसन्स एका स्थलांतरापुरतं असतं, अ‍ॅक्टिव्हेशनवाले प्रोग्राम तरीही पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करावे लागतात, अँटिव्हायरस नेता येत नाही. सेटअप हरवलेला एखादा जुना प्रोग्राम जिवंत ठेवायचा असेल तरच पैसे टाकावेत. एरवी दहा वर्षांचा कचरा नव्या घरात नेण्यासाठी कोणी टेम्पो ठरवत नाही.

ऑफिसचंही बघून ठेवा. जुन्या मशीनबरोबर आलेली ओईएम प्रत नव्यावर नेता येत नाही, आणि ऑफिस २०१६ व २०१९ चा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबरला संपलाय. नव्या लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर ते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर अ‍ॅक्टिव्हेट कराल त्याला चिकटतं, म्हणून नोकराच्या किंवा दुकानदाराच्या खात्यावर ते होऊ देऊ नका.

मोल ठरवायचं तर: घरगुती वापराला पाचपैकी चार, विद्यार्थ्याला साडेतीन कारण ५ जीबी लवकर भरतात, ऑफिसला दोन. जुनं मशीन लगेच विकू नका. नव्यावरून एकदा जीएसटी रिटर्न डीएससीने सही होऊन जाऊ दे, टॅलीतली मागच्या वर्षाची कंपनी उघडून शिल्लक जुळू दे, जुनं मराठी पत्र नीट छापून निघू दे. दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या ताडून पाहा, डिस्कवरची जागा नाही, ती ड्राइव्हप्रमाणे बदलते. एवढं झालं की 'रिसेट' करून, ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडून मगच ते भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये द्या.